‘पुन्हा या’ : दोन शब्दांची चिंता आणि वैद्याचे कर्तव्य

चिकित्सालयात येणारी व्यक्ती व्याधी घेऊन येते, असे आपण गृहीत धरतो. अलीकडे मात्र असाही एक वर्ग आपल्या दारी येऊ लागला आहे, की ज्याच्यापाशी व्याधीचे निदान नसते, केवळ एक कागद असतो. आरोग्यतपासणीच्या निमित्ताने किंवा मुलीच्या आग्रहाखातर पन्नाशीची गृहिणी मॅमोग्राफी करून घेते. दोन दिवसांनी तपासणी केंद्रातून दूरध्वनी येतो : “पुन्हा या, आणखी काही फोटो घ्यायचे आहेत.” पुढची वेळ आठ दिवसांनंतरची मिळते. त्या आठ दिवसांत तिची झोप जाते, अन्नावरची वासना उडते, आणि ज्यांच्याशी वीस वर्षांचा घरोबा आहे, त्या वैद्यांसमोर कागद ठेवून ती विचारते, “वैद्यकाका, हे काय निघालं हो?” या प्रश्नास आपण काय उत्तर देतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी अशीच एक भगिनी आमच्याकडे आली होती. आम्ही कागद वरवर पाहिला, “काही नाही, काळजी करू नका,” असे म्हणालो आणि कांचनार गुग्गुळ व ब्राह्मी लिहून दिली. हेतू शुद्ध होता. तिने आमचा शब्द प्रमाण मानला. तिला झोप लागू लागली. परंतु पुढच्या तपासणीस ती गेलीच नाही. चार महिन्यांनी तिच्या सुनेकडून हे कळले, तेव्हा आम्ही समक्ष बसून तिला वेळ घेऊन दिली. तपासणीत द्रवाने भरलेली साधी गाठ निघाली. हे तिचे दैव. त्यात आमच्या चिकित्सेचे श्रेय काही नाही. उलट निघाले असते, तर त्या चार महिन्यांचा हिशेब आम्हांस देता आला नसता.

चरकाचार्यांनी मानस दोषांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय सांगितले आहेत. त्यांत ज्ञान पहिले आहे, हे ध्यानात घ्यावे. पोकळ दिलासा म्हणजे ज्ञान नव्हे. म्हणून अशा स्त्रीस धीर देण्यापूर्वी त्या कागदाचा अर्थ आपणास ठाऊक हवा.

मॅमोग्राफीच्या अहवालात ‘बायरॅड्स’ नावाची श्रेणी असते. तीत शून्य लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नाही आणि ‘कर्करोग आहे’ असाही नाही. निष्कर्षासाठी आणखी तपासणी हवी, एवढाच आहे. स्तनातील घन ऊती एकमेकींवर आल्याने सावली दिसणे, साधी द्रवगाठ, कॅल्शियमचे बारीक कण, तुलनेसाठी जुनी चित्रे उपलब्ध नसणे, अशी पुन्हा बोलावण्याची अनेक कारणे असतात. दुसऱ्या भेटीत बहुधा त्या भागाची अधिक दाबून किंवा मोठी करून चित्रे घेतात व सोनोग्राफी करतात. श्रेणी तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी. यात कर्करोगाची शक्यता शेकडा 2 पेक्षा अधिक धरली जात नाही व सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. चार किंवा पाच श्रेणी असल्यास सुईने तुकडा काढून तपासण्याचा सल्ला दिला जातो.

अमेरिकेत कोणतेही लक्षण नसताना नियमित तपासणीस जाणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणींना पुन्हा बोलावले जाते. आणि अशा बोलावलेल्या दहा जणींत एकीपेक्षाही कमी जणींना कर्करोग आढळतो. ही माहिती चिंतित स्त्रीस अवश्य सांगावी. मात्र विवेक हवा. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी हाताने स्तनपरीक्षण करण्याचा मार्ग स्वीकारलेला आहे. मॅमोग्राफीपर्यंत पोहोचणाऱ्या आपल्याकडील अनेक स्त्रिया हाताला गाठ लागल्यामुळेच तेथे जातात. त्यांना वरील आकडे लागू पडत नाहीत. ज्या स्त्रीस गाठ, स्तनाग्रातून रक्तस्राव किंवा त्वचेस ओढ आहे, तिला आकड्यांचा दिलासा देऊन घरी बसविणे हा अपराध होय.

मग आपले काम कोणते? आमच्या मते, तपासणी आणि निष्कर्ष यांमधले आठ-दहा दिवस त्या स्त्रीस सावरून धरणे, हे आपले खरे काम आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत चरकांनी विषादास अग्रस्थान दिले आहे. तेव्हा ही सत्त्वावजय चिकित्साच होय. तीस दुय्यम मानू नये. तिचे म्हणणे मध्ये न तोडता ऐकावे. तपासणीची तारीख आपल्या वहीत लिहून घ्यावी व त्या दिवशी सायंकाळी विचारपूस करावी. सोबत कोण जाणार, हे ठरवून द्यावे. जुनी चित्रे व अहवाल बरोबर न्यावयास सांगावे. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न तिच्याकडून कागदावर लिहून घ्यावेत. झोपेसाठी रात्री पादाभ्यंग, सोसत असल्यास कोमट दूध, सकाळी मोकळ्या हवेत फिरणे आणि संथ श्वसन एवढे पुरे होते. औषध दिलेच, तर ते झोपेसाठी आहे, गाठीसाठी नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

काही बारकावेही आहेत. त्या दिवशी काखेत व छातीस पावडर, डिओडरंट किंवा आपला कोणताही लेप नको. त्यातील कण चित्रात डागासारखे दिसू शकतात. सुईची तपासणी ठरल्यास चालू असलेली सर्व औषधे, आपली चूर्णे व गुग्गुळकल्पसुद्धा, डॉक्टरांना सांगावयास लावावीत. कारण काहींचा रक्तस्रावावर परिणाम संभवतो. आणि ‘सुई लावली की गाठ खवळते’ हा समज आधारहीन आहे, हे आपल्याच तोंडून तिला कळले पाहिजे. हा समज पसरण्यास आपल्यातील काहींचे मौन कारणीभूत झाले आहे, हे कबूल केलेले बरे.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती आहे. घाबरलेली स्त्री अनेकदा वैद्यांच्या आधी आपल्या दुकानाची पायरी चढते व “गाठ विरघळण्याचे काही आहे का?” असे विचारते. त्या क्षणी विक्री नाकारून “आधी तपासणी पूर्ण करा, ताई,” असे म्हणणारा दुकानदार हा आमच्या लेखी अर्धा वैद्य आहे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, हे आपणास सांगणे न लगे. परंतु कायद्यापेक्षाही तिचा आपल्यावरचा विश्वास मोठा आहे.

त्या भगिनीचा आमच्यावर विश्वास होता, म्हणूनच आमचे “काही नाही” हे शब्द तिला घातक ठरू शकले असते. आता आम्ही ते शब्द उच्चारत नाही. “काय आहे ते अजून ठरावयाचे आहे, ते ठरेपर्यंत आणि ठरल्यानंतरही आम्ही आहोत,” एवढेच म्हणतो. आमचा अनुभव असा, की खोट्या दिलाशापेक्षा या खऱ्या वाक्याने स्त्रीस अधिक धीर येतो, आणि ती तपासणीस वेळेवर जाते.