गेल्या बाजारचा भाव

फँटसी फुटबॉल खेळायला लागलो त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. सोमवारी सकाळी लोणंदच्या मार्केट यार्डाबाहेर चहाच्या गाड्यावर उभा होतो आणि मोबाईलकडे बघून स्वतःशीच चडफडत होतो. शेजारी ओळखीचे एक अडते चहा पीत होते. ‘काय झालं मास्तर?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, गेल्या आठवड्यात ज्यानं तीन गोल मारले त्याला या आठवड्यात संघात घेतला, आणि गडी नव्वद मिनिटं नुसता पळत राहिला. अडत्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. तरी बशीतला घोट संपवून म्हणाले, ‘गेल्या बाजारचा भाव बघून गाडी भरायची नसती, मास्तर.’

फँटसी फुटबॉलवर भरपूर वाचलं, तासन्‌तास चर्चा ऐकल्या; पण याहून कामाचा सल्ला मला मिळालेला नाही. आज या सदरात तोच जरा फोडून सांगतो. कारण ‘हे सुरू कसं करायचं?’ असं विचारणारे आता गावात चार-पाच जण झालेत.

खेळ असा आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ. त्यांच्या खेळाडूंमधून तुम्ही आपला पंधरा जणांचा संघ बांधायचा: २ गोलरक्षक, ५ बचावपटू, ५ मधल्या फळीतले, ३ आघाडीचे. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. खर्चायला १० कोटी पौंड मिळतात, अर्थात कागदावरचे. प्रत्येक खेळाडूची किंमत ठरलेली असते. प्रत्यक्ष सामन्यात तो जे करेल त्याचे गुण तुम्हाला. आघाडीच्या खेळाडूनं गोल केला तर ४, मधल्या फळीतल्यानं केला तर ५, बचावपटूनं केला तर ६. गोलाआधीचा शेवटचा पास दिला तर ३. संघानं गोल खाल्ला नाही तर बचावपटूला आणि गोलरक्षकाला ४. पिवळ्या कार्डाला एक गुण वजा, लाल कार्डाला तीन. पंधरांतले अकरा खेळवायचे, त्यांतला एक कर्णधार नेमायचा. त्याचे गुण दुप्पट. असे ३८ आठवडे, ऑगस्ट ते मे. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते तेव्हा या खेळाला सुट्टी असते. पालखी पुढं तरडगाव, फलटणकडे गेली की नव्या हंगामाच्या किमती जाहीर व्हायची वाट बघायची.

आता हिशेब बघा. १० कोटी भागिले १५, म्हणजे माणशी साधारण ६७ लाख. २०२५-२६चा हंगाम सुरू झाला तेव्हा मोहम्मद सालाहची किंमत होती १ कोटी ४५ लाख आणि अर्लिंग हालांडची १ कोटी ४० लाख. नवा माणूस दोघांनाही उचलतो. दोघांत गेले २ कोटी ८५ लाख. उरलेल्या तेरा जणांना राहिले ७ कोटी १५ लाख, माणशी ५५ लाख. म्हणजे खरी परीक्षा सालाहला घेण्यात नाही. तो चांगला आहे हे आख्ख्या जगाला माहीत आहे. परीक्षा आहे ती ५५ लाखांतल्या माणसांची.

आपल्या यार्डात कांद्याची प्रतवारी होते. एक नंबर, दोन नंबर, आणि खाली गोल्टी. नवशिक्या व्यापारी एक नंबरच्या ढिगापाशी उभा राहतो. मुरलेला माणूस गोल्टीतही हात घालून बघतो. फँटसीत चाळीस-पंचेचाळीस लाखांची गोल्टी सगळ्यांनाच भरावी लागते, कारण त्याशिवाय बेरीज जुळत नाही. फक्त एक बघायचं: तो गडी दर आठवड्याला मैदानात उतरतो का? साठ मिनिटं खेळला तरी दोन गुण पदरात पडतात. राखीव बाकावर बसून राहणारा स्वस्त खेळाडू हा सडका कांदा. स्वस्त म्हणून घेतला आणि चाळीत वास सुटला.

आणि कधीकधी गोल्टीत सोनं निघतं. २०१५-१६ साली लेस्टर सिटीचा रियाद महरेझ ५५ लाखांत मिळत होता. त्या वर्षी लेस्टर विजेता ठरला आणि महरेझ २४० गुणांसह खेळातल्या सगळ्या खेळाडूंच्या वर राहिला. ज्यांनी त्याला पहिल्या आठवड्यात घेतलं त्यांच्याकडे गेल्या बाजारचा भाव नव्हताच. त्यांनी माल बघितला होता.

दुसरं शिकायचं ते बदलीचं. आठवड्याला एक बदली फुकट. वापरली नाही तर साठते, पाचपर्यंत. फुकटच्या बदल्या संपल्यावर आणखी एक केली की चार गुण कापले जातात. चार गुण म्हणजे आघाडीच्या खेळाडूचा एक गोल. नवीन माणूस रविवारी रात्री चिडतो, दोन खेळाडू काढतो, दोन घेतो, आणि पुढचा सामना सुरू होण्याआधीच एक गोल हरून बसतो. आमच्या दहा जणांच्या लीगमध्ये पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा आहे, दोन माजी विद्यार्थी आहेत आणि आमच्या गल्लीतली बी.कॉम. करणारी एक मुलगी आहे. गेल्या हंगामात ती पहिली आली. मी विचारलं, बाई, तुझी युक्ती काय? म्हणाली, ‘सर, बहुतेक आठवडे मी हातच लावत नाही.’ मी हंगामभर इतके हात लावले, की कापलेले गुणच पन्नासच्या वर गेले. मी सातवा.

तिसरं म्हणजे वेळ. आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संघ कुलूपबंद होतो. शनिवारचा पहिला सामना तिकडे साडेबाराला. म्हणजे उन्हाळी घड्याळाच्या दिवसांत आपल्याकडे दुपारी साडेतीनला दार बंद, आणि ऑक्टोबरअखेर तिकडचं घड्याळ मागं सरकलं की साडेचारला. शुक्रवारी रात्री सामना असेल तर दार शुक्रवारीच बंद होतं. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण निम्मे नवशिके इथंच मार खातात. एकदा मी फलटणला लग्नाच्या पंगतीत वाढत होतो. हातात जिलेबीची परात, आणि साडेतीन वाजून गेले. माझा कर्णधार त्या दिवशी जायबंदी. वाचलो ते उपकर्णधारामुळं. कर्णधार मैदानात उतरलाच नाही तर दुप्पट गुण उपकर्णधाराला मिळतात. तेव्हा कर्णधार नेमताना जेवढा विचार करता तेवढाच उपकर्णधार नेमतानाही करा.

या खेळाचा मला झालेला फायदा गुणांत मोजता येत नाही. पूर्वी मी चेंडू जिकडे, नजर तिकडे, असा सामना बघायचो. आता बचावपटूकडे बघतो. २०२५-२६पासून बचावपटूनं एका सामन्यात दहा वेळा चेंडू हुसकावला, अडवला, मधेच तोडला किंवा हिसकावला, तर दोन गुण जास्त मिळू लागले. इतकी वर्षं जे काम कुणाच्या खिजगणतीत नव्हतं त्याला भाव आला. तळाच्या दोन संघांतला रटाळ सामनाही मी आता मन लावून बघतो, कारण त्यात माझा ४५ लाखांचा एक गडी असतो.

आक्षेप आहे, तोही ऐकून घेऊ. भाचा आर्सेनलचा भक्त. तो म्हणतो, ‘मामा, माझ्या संघाविरुद्ध हालांडनं गोल मारला तर मी रडू की हसू?’ खरं आहे, हा खेळ निष्ठेला थोडा चाट लावतो. पण लोणंदला कुठली आर्सेनलची पेठ आहे? आपली निष्ठा टीव्हीवरून आलेली. तिला एवढा सोवळेपणा परवडत नाही.

मोठा आक्षेप पैशाचा, आणि तिथं मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं आहे. आपल्याकडे ‘फँटसी’ म्हटलं की लोकांना पैसे लावणं आठवतं. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हननं हा शब्द घरोघरी नेला. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दिला. पुढं ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. ड्रीम इलेव्हनच्या पैशाच्या स्पर्धाही थांबल्या. कौशल्य की नशीब, या वादात मला एवढंच म्हणायचं आहे: कौशल्य दिसायला ३८ आठवडे लागतात. एका संध्याकाळच्या सामन्यात चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर सगळं ठरतं. ज्यानं एका रात्रीवर पैसे लावले त्यानं नशिबावरच लावले, नाव काहीही द्या. कांद्यात हात पोळलेल्या या गावाला हे वेगळं सांगायला नको. प्रीमियर लीगचा स्वतःचा खेळ २००२पासून आहे आणि त्याला प्रवेश फी नाही. तोच खेळा.

मुळात हा खेळ वहीवर उभा राहिला. १९६२ साली ऑकलंड रेडर्स या अमेरिकी संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक यांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात सोबत्यांना घेऊन त्याचे नियम लिहून काढले. ते फुटबॉल वेगळं, चेंडू हातात घेऊन पळायचं. पण कल्पना हीच. १९९०मध्ये इटलीत रिकार्दो अल्बिनी यांनी आपल्या फुटबॉलसाठी नियमांचं पुस्तक काढलं. १९९१मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेनस्टीन यांनी असाच खेळ सुरू केला. मोबाईल नव्हता, इंटरनेट घरोघरी नव्हतं. वर्तमानपत्र उघडायचं, कुणी गोल मारला ते बघायचं, वहीत आकडे मांडायचे.

म्हणूनच मला एक सुचवायचं आहे. जगातला फुटबॉल लोणंदपासून लांब असेल, पण कोल्हापूर लांब नाही. आपल्या स्टेशनावरून जाणारी लोहमार्गाची जोडी सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज करत तिथंच पोचते. तिथं कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने बघायला पेठाच्या पेठा लोटतात. २०१७मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तिथल्या दैनिकांत सामन्याचं वर्णन गोल करणाऱ्यांच्या नावांसकट छापून येतं. वही भरायला आणखी काय लागतं?

तेव्हा यंदा दोन वह्या करू. ऑगस्टमध्ये प्रीमियर लीगची, मोबाईलवर. आणि कोल्हापूरचा हंगाम सुरू झाला की दुसरी, कागदाची. नियम साधे ठेवू. गोलाला पाच गुण. संघानं गोल खाल्ला नाही तर गोलरक्षकाला चार. लाल कार्डाला तीन वजा. एका तालमीचे जास्तीत जास्त तीन. आणि एक खेळाडू एकाकडेच. त्यासाठी आपल्या यार्डासारखा लिलाव करू, बोली मात्र गुणांची. हंगामात एकदा सगळ्यांनी मिळून गाडीनं कोल्हापूरला जाऊन एक सामना प्रत्यक्ष बघायचा. शेवटी जो तळाला राहील त्यानं बाकीच्यांना कांदाभजी खाऊ घालायची. पैशाचं एवढंच.

नव्यानं येणाऱ्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिल्या आठवड्यात फार डोकं चालवू नका. दर आठवड्याला खेळणारी माणसं घ्या. दार कधी बंद होतं त्याची वेळ कॅलेंडरवर लिहा. आणि रविवारी रात्री चिडलेलं असताना बदली करू नका, निदान सोमवारचा चहा होऊ द्या.

वही मी आणली आहे, दोनशे पानी. पहिल्या पानावर माझं नाव लिहून झालंय. नऊ नावं हवीत.