कुत्र्याची वंशावळ आणि माणसाचे आडनाव

एका पशुवैद्यक मित्राच्या आग्रहाखातर आम्ही नगर शहरातील जातिवंत कुत्र्यांच्या प्रदर्शनात एक रविवार काढला. बघे म्हणून नव्हे, कामाला म्हणून! सकाळी सातपासून फाटकावरच्या टेबलाशी बसायचे, लसीकरणाचे कार्ड तपासायचे, नोंदणीचा क्रमांक यादीशी ताडून पाहायचा आणि कुत्रा फिरवणाऱ्याच्या दंडाला क्रमांकाचा बिल्ला रबराने अडकवून द्यायचा, असे आमचे काम होते. कुत्र्यांचे आम्हाला वावडे नाही. राजगृहावरच्या १९३४ सालच्या त्या प्रसिद्ध कौटुंबिक छायाचित्रात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका टॉबीही आहे, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेलच.

प्रदर्शन पाहण्यासारखे असते, यात शंका नाही. दोरी बांधून केलेल्या रिंगणात परीक्षक एकेक कुत्रा तपासतो. दात पाहतो, खांदा चाचपतो, मग पळवून चाल पाहतो. तुलना शेजारच्या कुत्र्याशी नसते. प्रत्येक जातीचा आदर्श नमुना शब्दांत लिहून ठेवलेला असतो, त्या नमुन्याशी असते. कान किती उभा, शेपटी किती वाकडी, रंग कोणता चालेल, कोणता बाद! हे शास्त्र फार पुरातन असेल असे वाटते. प्रत्यक्षात पहिले आधुनिक प्रदर्शन इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले आणि लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. म्हणजे महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ आणि कुत्र्यांच्या वंशशुद्धीची कचेरी एकाच वर्षी जन्माला आली! ज्याला आपण अनादी ‘जात’ समजतो, ती अशी वह्या लिहून घडवलेली असते.

नऊच्या सुमारास शेवगावकडचा एक मेंढपाळ पोरगा कारवानी कुत्रा घेऊन आला. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, अंगावर चरबीचा कण नाही. लसीचे कार्ड पुरे होते. नोंदणीचा कागद मात्र नव्हता. वंश अज्ञात असलेल्या कुत्र्याची परीक्षकाकडून तपासणी करून नोंद घेण्याची सोय असते, पण त्यासाठी आधी अर्ज लागतो, आणि मुदत कधीच संपली होती. त्याला ‘नाही’ म्हणणारे आम्हीच होतो. तो म्हणाला, “साहेब, ह्याची आई माझ्या आज्याची, तिची आई बी आमचीच.” तीन पिढ्या तोंडपाठ! पण तोंडपाठ पिढ्या यादीत चालत नाहीत. आत रिंगणात ‘कॅरव्हान हाउंड’ या इंग्रजी नावाने हीच जात ऐटीत फिरत होती. दख्खनच्या माळावर मेंढपाळांनी, भटक्यांनी आणि शेतकऱ्यांनी जी जात उपाशीपोटी सांभाळली, तिच्या कागदावर त्यांचे नाव नाही. असो.

आता या शुद्धतेचे फळ काय, तेही पाहू. बुलडॉगचे डोके इतके मोठे केले की बहुसंख्य माद्यांची बाळंतपणे पोट फाडून करावी लागतात. पगला धड श्वास घेता येत नाही. ठिपक्यांच्या डाल्मेशियनची कथा तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे. या जातीत युरिक आम्लाचा दोष इतका मुरला की निर्दोष असा एकही शुद्ध डाल्मेशियन उरला नाही. मुतखड्याने कुत्री तळमळत. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल या अभ्यासकाने एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला, एकदाच! पुढच्या सगळ्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके राहिले, रोग गेला. तरी १९८१ मध्ये अमेरिकेतील क्लबने त्यातल्या दोघांची नोंद घेताच शुद्धतावाद्यांनी गहजब केला आणि दार बंद झाले. ते उघडायला २०११ साल उजाडले. एक पॉइंटर आजी पचवायला तीस वर्षे! पण पचवली.

आमच्या जिल्ह्यात काय पचते? नेवासा तालुक्यातील सोनई येथे १ जानेवारी २०१३ रोजी प्रेमसंबंधाच्या रागातून मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारल्याचा आरोप होता. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. कुत्र्यांच्या मालकांना पशुवैद्य सांगतो की बाहेरचे रक्त आणा, नाहीतर वंश बुडेल, आणि ते वही उघडून विचार तरी करतात.

‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी हा वंशशुद्धीचा युक्तिवाद मुळातूनच उखडला आहे. वंश मिसळून गेल्यानंतर जाती आल्या, हे त्यांनी दाखवले. आणि रक्तच जपायचे असेल तर सोबत जेवायला बंदी कशासाठी, असा साधा सवाल केला. नव्वद वर्षे होत आली. आमच्या भाषेत अजून ‘जातिवंत’ ही शाबासकी आहे आणि ‘गावठी’ ही शिवी आहे.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा एक जर्मन शेफर्डवाले गृहस्थ टेबलाशी येऊन बसले. सज्जन माणूस. त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा आम्हाला दिला आणि आपल्या कुत्र्याच्या पाच पिढ्या मोजून दाखवल्या. आजोबा कुठला, पणजी कोणत्या देशातून आली. मग सहज विचारले, “आपलं आडनाव?” आम्ही नुसते पहिले नाव सांगितले. “नाही, पूर्ण?” पूर्ण सांगितले. “गाव कोणतं म्हणालात?” गावही सांगितले. ते जरा थांबले, “बरं, बरं” म्हणाले आणि थर्मासचे झाकण घट्ट लावू लागले. आम्ही त्यांच्या कुत्र्याचे कार्ड शिक्का मारून परत दिले.