दप्तराचा कबजा

मार्चअखेरीस अशिलाच्या पेढीवर कारकून धाडावा, तेथल्या एकुलत्या एका संगणकातला जमाखर्च त्याने पेनड्राइव्हवर उतरवून आणावा आणि तो आपल्या कचेरीत उघडेपर्यंत तिकडे मुनिमाने आणखी चार नोंदी घातलेल्या असाव्यात, हा त्रास आपल्यापैकी बहुतेकांनी वर्षानुवर्षे भोगला आहे. तेव्हा दप्तर क्लाउडवर गेल्याने अशील आणि लेखापाल एकाच वेळी एकच खतावणी पाहतात आणि पेढीत पाणी शिरले तरी वह्या बुडत नाहीत, या सोयींना नावे ठेवण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

आमची शंका निराळी आहे. परिचयातील एका अशिलाच्या वर्गणीचा हप्ता, बँकेचे कार्ड बदलल्यामुळे, परस्पर नाकारला गेला, आणि जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची २० तारीख दोन दिवसांवर आली असताना त्याचे खाते बंद पडले. धनी स्वतःच्याच दप्तरखान्याबाहेर ताटकळत राहिला. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात कागदांच्या रुमालाला गाठ मारणारा कारकून निदान डोळ्यांसमोर असे. आजची गाठ करारनाम्याच्या कुठल्यातरी कलमात असते, आणि तो करारनामा त्या प्रसंगापर्यंत आम्हीही वाचला नव्हता, हे कबूल केलेले बरे.

कायदा सावध आहे. कंपन्यांच्या लेख्यांविषयीच्या २०१४ च्या नियमांत २०२२ साली दुरुस्ती होऊन, हिशेब परदेशी ठेवले तरी त्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक फेरफाराचा माग राखणारी आणि तो माग बंद करू न देणारी प्रणालीच कंपन्यांना वापरावी लागते. परंतु ज्या वह्या कंपनीने ८ वर्षे जपावयाच्या, त्या सांभाळणारा पुरवठादार तितकी वर्षे धंद्यात राहील याची हमी कोणताही नियम देत नाही, आणि सेवा सोडताना तो मूळ नोंदींऐवजी पीडीएफ हाती ठेवील, तर ते वही मागणाऱ्यास वहीचे छायाचित्र देण्यासारखे होय.

म्हणून आमची सूचना साधी आहे: दरमहा संपूर्ण प्रत उतरवून घ्यावी, ती निराळ्या संगणकावर उघडावी आणि तिच्या तेरजेचा मूळ तेरजेशी ताळा घालावा. आमच्या कचेरीत हे काम सर्वांत धाकट्या उमेदवाराकडे सोपवले. पहिल्याच महिन्याच्या प्रतीत आरंभीच्या शिलकाच उतरलेल्या नव्हत्या.