लंडनची भुयारे सरकारने उघडली नाहीत

१/ भुयारी रेल्वेच्या फलाटावर दाटीवाटीने झोपलेले लंडनवासी. हे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याखाली बहुधा लोकांचे धैर्य आणि शासनाची दूरदृष्टी यांचे गोडवे असतात. धैर्य मान्य, दूरदृष्टी मात्र निव्वळ दंतकथा आहे.

२/ स्थानके आसरा म्हणून वापरू द्यायची नाहीत, हेच सरकारचे मूळ धोरण होते. कारणे दोन : वाहतूक खोळंबेल, आणि एकदा खाली गेलेले लोक वर येणारच नाहीत. म्हणजे शत्रूच्या बॉम्बइतकीच धास्ती स्वतःच्या श्रमिकांच्या कथित भित्रेपणाची!

३/ शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन (पुढे भारताचे नागरिक झालेले तेच) यांनी स्पेनमधील हवाई हल्ल्यांच्या अनुभवावरून १९३८ सालीच खोल आसऱ्यांची मागणी केली होती. ती धुडकावली गेली.

४/ ७ सप्टेंबर १९४०. बॉम्बवर्षाव सुरू झाला. पहिला तडाखा गोदीकाठच्या कामगार वस्त्यांना बसला. लोकांनी तिकिटे काढली, खाली उतरले आणि वर आलेच नाहीत. १४ सप्टेंबरला स्टेपनीचे कम्युनिस्ट नगरसेवक फिल पिरॅटिन गोरगरिबांना घेऊन थेट आलिशान सॅव्हॉय हॉटेलच्या आसऱ्यात शिरले. अखेर सरकार नमले. महिनाअखेरीस एका रात्री भुयारांत सुमारे १,७७,००० माणसे होती. झोपण्याचे बाक, शौचालये, खाण्यापिण्याची सोय हे सारे त्यानंतरचे.

५/ आक्षेप येतो : स्थानके तरी कुठे सुरक्षित होती? खरे आहे. १४ ऑक्टोबर १९४० रोजी बॅलहॅम स्थानकात साठहून अधिक जीव गेले. परंतु यातून अधिक खोल, अधिक भक्कम आसऱ्यांची गरज सिद्ध होते. दार बंद ठेवण्याचे समर्थन होत नाही.

६/ आणि बेथनल ग्रीन? ३ मार्च १९४३. तेथे बॉम्ब पडलाच नाही. अंधाऱ्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. १७३ मृत्यू, त्यांत ६२ बालके. प्रवेशद्वार भक्कम करण्याची स्थानिक नगरपालिकेची विनंती १९४१ सालीच वरिष्ठांनी फेटाळली होती. दुर्घटनेचा चौकशी अहवालही युद्ध संपत येईपर्यंत दडवून ठेवण्यात आला.

७/ ज्यांनी दार अडवले, त्यांनाच दार उघडल्याचे श्रेय देणे हा इतिहास नव्हे, ती भाटगिरी आहे. ते छायाचित्र पुन्हा समोर आले, तर एवढेच विचारा : ही माणसे कोणाच्या परवानगीने खाली उतरली? उत्तर सोपे आहे. कोणाच्याही नाही.