तारीख नको, भिंत तपासा

कोयना खोऱ्यात जमीन जरा हलली, की पाटणपासून शिराळ्यापर्यंत एकच प्रश्न विचारला जातो : मोठा धक्का कधी येणार? त्यातच मोबाइलवर कुणीतरी तारीख-वेळेसह संदेश फिरवतो आणि माणसे रात्र अंगणात काढतात. भीती खोटी नाही. प्रश्न मात्र चुकीचा आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजी भल्या पहाटे, माणसे साखरझोपेत असताना, कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे जीव गेले. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठायला १९६२ मध्ये सुरुवात झाली होती. पुढे १९८५ पासून चांदोलीला वारणेचे पाणी अडवले गेले आणि १९९३ पासून त्या बाजूलाही धक्के वाढले.

पाण्याच्या वजनाने जमीन फाटते, असा अनेकांचा समज आहे. पण साधा हिशेब पाहावा. शंभर मीटर खोल पाण्याचा दाब साधारण १० वातावरणांइतका असतो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकांचाच दाब सुमारे १,३०० वातावरणांइतका भरतो. त्यापुढे पाण्याची भर एक टक्काही नाही. मग एवढेसे पाणी काय करते?

गरम पाण्याने विसळलेली वाटी ओल्या ओट्यावर पालथी ठेवली, की कधी कधी ती आपोआप सरकते. आतली हवा तापून फुगते आणि वाटीला किंचित उचलते. वाटीचे वजन तेवढेच, पण ओट्यावरची पकड सुटते. भेगांत मुरलेले पाणी खडकाचे तेच करते. आधीच ताणलेल्या, सरकण्याच्या बेतात असलेल्या भेगेची पकड ते सैल करते. पाणी निमित्त ठरते. ताण जमिनीत आधीपासून साठलेला असतो.

शास्त्रज्ञ हे सारे संगणकावर मांडतात. खडकाचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येकाची ताकद, त्यातल्या भेगा आणि त्यावरचा ताण आकड्यांत भरतात. पाण्याच्या दाबाने भेग रुंदावते, रुंदावलेल्या भेगेतून पाणी आणखी पुढे जाते. म्हणून खडकाचे आणि पाण्याचे गणित एकत्रच सोडवावे लागते. त्यासाठी आकडे खऱ्या खडकाचे हवेत. कराडजवळ हजारमाची येथे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा याच कामासाठी आहे. २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर खाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. भूकंपाची मुळे त्याच खडकात, आणखी खाली आहेत.

अशी गणिते कोणती भेग नाजूक आहे आणि पाण्याची पातळी बदलली की धोका कसा बदलतो, याचा अंदाज देतात. दिवस आणि वेळ सांगत नाहीत. खोलवरची प्रत्येक बारीक भेग कुणालाच मोजता येत नाही. वैद्यकातही हेच चालते. रक्तदाब १८० असलेल्या रुग्णाला पक्षाघात कोणत्या तारखेला होईल, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. म्हणून गोळ्या सुरू करायच्या कुणी थांबत नाही.

कोयना धरणाच्या बाबतीत हे शहाणपण दाखवले गेले. १९६७ मध्ये धरणाच्या वरच्या भागात, भिंतीचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे, तडे गेले. नंतर संगणकाने ताण मोजला, तर सर्वाधिक ताण त्याच जागी आला. पुढच्या धक्क्याची तारीख कुणी विचारत बसले नाही. धरणाला आधार देऊन ते मजबूत करण्यात आले.

घरांच्या वाट्याला तेवढी काळजी आली का? धक्क्यात माणूस जमीन हलल्याने सहसा मरत नाही, अंगावर पडलेल्या भिंतीने मरतो. पाटण आणि शिराळा तालुक्यांत दगडमातीची जुनी घरे अजून उभी आहेत. ती आधी तपासायला हवीत. शाळा, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र तर सर्वांत आधी. दवाखानाच पडला तर जखमींनी जायचे कुठे?

डोंगरउतारालाही पाण्याचे हेच गणित लागू आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. भूकंपापेक्षा इथे एक सवलत आहे : पाऊस आधी दिसतो, मोजता येतो. किती पावसानंतर वस्ती हलवायची, हा आकडा प्रत्येक धोक्याच्या गावाला पावसाळ्यापूर्वी माहीत असला पाहिजे.

प्रयोगशाळेतले आकडे ग्रामसभेपर्यंत पोहोचले, तरच त्या खोल छिद्राचा खर्च सार्थकी लागेल. तारीख सांगणाऱ्या संदेशाने एक रात्र झोप उडते. तपासून बांधून घेतलेली भिंत पुढची कितीतरी वर्षे निवांत झोपू देते.