जामीन मंजूर, कैद कायम

न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी सुटला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वृत्तपत्रांतील बातमीही बहुधा तेथेच संपते. परंतु ज्याच्यापाशी सातबारा नाही, ओळखीचा नोकरदार नाही आणि वीस-पंचवीस हजारांची रोकडही नाही, त्याच्या लेखी त्या आदेशाने काहीच घडत नाही. गुन्हा शाबीत झालेला नाही, न्यायाधीशांनी त्याला सोडण्यास अनुमती दिलेली आहे, आणि तरीही तो गजाआड आहे. २०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. यांतील कितीजण केवळ जामीनदाराअभावी अडकले होते, याचा विचार व्हावयास हवा.

प्रश्न नवा नाही. १९७८ साली ‘मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. एका गरीब गवंड्याला जामिनावर सोडण्याचा आदेश होऊनही दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ पुढे झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्यालाही नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली आणि जामीनदाराशिवाय जातमुचलक्यावरही माणसाला सोडता येते, हे स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील कच्च्या कैद्यांची करुण कहाणी उघड झाली. ज्या गुन्ह्याचा आरोप होता, त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ काहींनी तुरुंगात काढला होता. जलद सुनावणी हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायमूर्ती भगवती यांनी तेव्हा सांगितले.

तत्त्व ठरले, व्यवहार बदलला नाही. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापुरात पकडला गेला, तर त्याच्यासाठी तेथे जामीन कोण राहणार? ऐपतीचा दाखला, शिधापत्रिका, पत्त्याचा पुरावा यांची जुळवाजुळव करण्यास बाहेर धडपडणारे माणूस लागते. आणि त्याच्या घरची माणसे रोजंदारी बुडवून तालुक्याच्या कचेरीत किती खेपा घालणार?

आरोपी फरारी होऊ नये म्हणून जामीनदार हवा, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. परंतु पैशाने माणूस थांबतो, हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. देश सोडून पळण्याचे सामर्थ्य ज्यांच्यापाशी असते, त्यांना जामिनाच्या रकमेची क्षिती नसते. उलट या अटीमुळे न्यायालयांच्या आवारात भाडोत्री जामीनदारांचा आणि बनावट दाखल्यांचा धंदा मात्र फोफावला आहे!

कायदा अगदीच स्वस्थ बसलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला असल्यास तिला जामीनदाराविना बंधपत्रावर सोडावयाचे आहे. परंतु फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असली तरीही हा लाभ मिळत नाही, आणि पोलिसांनी एकामागून एक गुन्हे नोंदवले तर ती अट पुरी व्हायला किती वेळ लागतो? २०२३ साली केंद्राने गरीब कच्च्या कैद्यांसाठी चाळीस हजारांपर्यंत साहाय्य देण्याची योजना आखली. हेतू स्तुत्य आहे. परंतु सरकारी तिजोरीतून रक्कम काढून ती सरकारच्याच न्यायालयात भरावयाची, यापेक्षा ती मागणेच का सोडू नये?

जामीन मंजूर होऊनही महिनाभरात बंधपत्र सादर झाले नाही, तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. तेव्हा प्रत्येक कारागृह अधीक्षकाने अशा कैद्यांची यादी दरमहा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावी, आणि प्राधिकरणाने ती जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवून सूचनाफलकावरही लावावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, की नवा पैसा.