चाक फिरत असताना

गोष्ट गेल्या दिवाळीपूर्वीची. पुतण्याच्या पेढीवर बसून एका पुरवठादाराचे ४८,००० रुपये मी संगणकावरून पाठवीत होतो. ‘रक्कम पाठवा’ हे बटण दाबले. पडद्यावर छोटेसे चाक फिरू लागले. मिनिटभर दुसरे काहीच घडेना. बटण नीट दाबले गेले नसावे, असे समजून मी ते पुन्हा दाबले. सायंकाळी रोजमेळ जुळविताना रक्कम दोनदा गेल्याचे आढळले. पुरवठादार सचोटीचे, त्यांनी दुसऱ्याच दिवशी जादा रक्कम परत केली. परंतु ज्याचे आयुष्य बँकेत गेले त्याच्याच हातून ही चूक व्हावी, याची खंत राहिली. ते चाक फिरत असताना आत काय चालते, हे मी समजून घ्यावयाचे ठरविले.

पूर्वी संकेतस्थळावर एखादे बटण दाबले की सबंध पान पुसले जाई आणि दूरच्या संगणकाकडून, म्हणजे सर्व्हरकडून, नवे पान येईपर्यंत आपण खोळंबून राहत असू. एका नोंदीसाठी संपूर्ण खातेवही पुनःपुन्हा लिहून काढावी, तसा तो प्रकार होता. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये एक सोय दिली. पान जागच्या जागी ठेवून सर्व्हरकडे लहानशी मागणी पाठवावयाची आणि उत्तर आले की तेवढाच भाग बदलावयाचा. २००४ मधील जीमेल आणि २००५ मधील गूगल मॅप्स यांनी या पद्धतीचे सामर्थ्य जगाला दाखविले. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेतील जेसी जेम्स गॅरेट यांनी तिला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. त्यातील पहिले अक्षर ‘असिंक्रोनस’ या शब्दाचे. उत्तरासाठी अडून न राहता पुढील काम चालू ठेवणे, हा त्याचा अर्थ.

आम्हा बँकवाल्यांना ही रीत नवी नव्हती. ग्राहक धनादेश देई, आम्ही त्याच्या हाती पितळी टोकन ठेवीत असू. धनादेश आतल्या टेबलावर जाई, खिडकीवरचा कारकून पुढच्या ग्राहकाकडे वळे. रक्कम मंजूर झाली की टोकनाचा क्रमांक पुकारला जाई. खिडकी कोणासाठी अडून राहत नसे.

मात्र या सोयीबरोबर एक जबाबदारी येते. मागणी पाठविणे आणि उत्तर मिळणे या दोन निराळ्या घटना आहेत. मागणी पोहोचून काम पुरे झालेले असते, पण उत्तर वाटेत अडकते. माझ्या बाबतीत हेच घडले. कधी दोन मागण्यांची उत्तरे उलट क्रमानेही येतात आणि आधीच्या शोधाची जुनी माहिती नव्या माहितीवर येऊन बसते.

म्हणूनच पेढीचे संकेतस्थळ किंवा ॲप करवून घेताना बनविणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. बटण एकदा दाबल्यावर उत्तर येईपर्यंत ते बंद राहते काय? काम चालू आहे, झाले की फसले, हे ग्राहकाला स्पष्ट शब्दांत कळते काय? आणि प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक असून तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर ते काम दुसऱ्यांदा करणे टाळतो काय? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बटण बंद केले तरी ग्राहक पान नव्याने उघडून तीच मागणी पाठवू शकतो. तेथे क्रमांकच राखण करतो. एकदा वटलेला धनादेश त्याच क्रमांकाने पुन्हा वटत नाही, ही शिस्त आपल्या परिचयाचीच आहे.

आणि आपण स्वतः? चाक फिरत राहिले, तर बटणाला हात लावू नये. प्रथम खात्याचा उतारा पाहावा, काही वेळाने पुन्हा पाहावा, शंका उरल्यास समोरच्याला दूरध्वनी करावा. पुतण्याने आता पेढीवरील संगणकाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटविली आहे: ‘आधी उतारा, मग बटण.’ ती कोणासाठी आहे, हे तो सांगत नाही आणि मीही विचारीत नाही.